सासऱ्यांचं परराष्ट्र धोरण

आमच्या इथल्या मराठी मंडळाला वक्त्यांची टंचाई कधीच जाणवत नाही. आयर्लंडमध्ये मुलाकडे नाहीतर मुलीकडे कुणाचे वडील राहायला आले, की त्यांची झोप ताळ्यावर यायच्या आत त्यांना व्याख्यानाला उभं केलं जातं. मंडळाला वक्ता फुकट मिळतो, सुनेला एक दुपार मोकळी मिळते आणि म्हाताऱ्यालाही पुण्याला फोन करून सांगायला काहीतरी होतं. आजवर एका सासऱ्यांनी मधुमेहावर, दुसऱ्यांनी शेअर बाजारावर आणि तिसऱ्यांनी सुखी संसारावर भाषण ठोकलं आहे. तिसऱ्यांनी ते स्वतःच्या बायकोला अधूनमधून गप्प बसवत ठोकलं.

त्या वर्षी पाळी होती सचिवबाईंच्या सासऱ्यांची. बँकेतून निवृत्त झाल्यावर या गृहस्थांनी संरक्षणशास्त्राचा अभ्यास हाती घेतला होता, म्हणजे ते सोफ्यावर आडवे पडून मोबाइलवर व्हिडिओ बघत. विषय त्यांनीच सुचवला: ड्रोन हल्ले आणि नव्या नेत्याचं परराष्ट्र धोरण. सचिवबाई हरखल्या. त्या डब्लिनला ग्रँड कॅनाल डॉकच्या एका ऑफिसात कसल्यातरी टीमच्या मॅनेजर आहेत आणि मंडळही तसंच चालवतात. मला फोन करून म्हणाल्या, "अगं, इतका रेलेव्हंट टॉपिक आहे! या वेळी हॉल फुल्ल होणार बघ."

नवा नेता म्हणजे समुद्रापलीकडच्या त्या बड्या देशाचा. नाव घ्यायची गरज नाही, त्याचं नाव घेणारे पुष्कळ आहेत. निवडणुकीत तो सांगत फिरला होता की दूरदेशीच्या लढायांचा आता कंटाळा आला, आपली पोरं घरी आणायची. लोकांनी टाळ्या वाजवल्या, मतं दिली. निवडून आल्यावर त्यानं पोरं खरंच घरी आणली आणि त्यांच्या जागी ड्रोन पाठवले. आता तो टीव्हीवर येतो आणि आपल्या एकाही सैनिकाच्या केसाला धक्का लागला नाही, असं छाती फुगवून सांगतो. उंटावरून शेळ्या हाकणं आपण नुसतं म्हणीत ऐकलं होतं, या माणसानं त्याचं धोरण केलं. माझी मुलगी इथेच वाढलेली. ती टीव्हीसमोरून ओरडते, "आई, युअर मॅन इज ऑन अगेन!", 'युअर मॅन' म्हणजे इथल्या बोलीत 'तो बाबा', आणि मी स्वयंपाकघरातूनच आवाज बंद करायला सांगते.

आपला आयर्लंड अर्थातच तटस्थ. प्रत्येक हल्ल्यानंतर इथले मंत्री गंभीर चिंता व्यक्त करतात. त्याच देशाची लष्करी विमानं आमच्या पश्चिम किनाऱ्यावर तेल भरायला उतरतात, त्याबद्दलही चिंता व्यक्त होते, तेल भरून झाल्यावर.

हे सगळं मी एरवी मनातल्या मनात बडबडले असते आणि सोडून दिलं असतं. पण आमच्या शेजारच्या घरात ती राहत होती.

आम्ही डब्लिनबाहेर नावन गावात राहतो. मी एका कारखान्यात काम करते, तिथे जखमांवर लावायच्या पट्ट्या बनतात आणि त्यांची तपासणी माझ्याकडे आहे. ती गावातल्या एका वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांना न्हाऊमाखू घालायचं काम करायची. तिच्या देशाचं नाव मी लिहीत नाही. हे लिहायची परवानगी तिनं दिली ती त्याच अटीवर. आणि तसंही, नाव वाचलं की लोक आधी आपली बाजू ठरवतात आणि मग दुःख करायचं की नाही ते ठरवतात. एवढं सांगते की तिथे डोंगर आहेत, पाणी नाही, आणि आकाशात कायम काहीतरी घोंघावत असतं.

तिचा धाकटा भाऊ तिथे पाण्याचा टँकर चालवायचा. आई लवकर गेल्यामुळे त्याला तिनंच वाढवलेलं. तिच्या बोलण्यात तो दिवसातून दहादा यायचा. त्याला वांगं आवडत नाही, त्याला लग्न करायचंय पण मुलगी उंच हवी आहे, तो गाणं म्हणतो तेव्हा कुत्रीसुद्धा उठून जातात. रोज संध्याकाळी त्याचा आवाज तिच्या फोनवर यायचा आणि ती तो कुंपणापलीकडून मलाही ऐकवायची. मला भाषा कळायची नाही, पण त्याचं हसणं कळायचं.

एका संध्याकाळी आवाज आला नाही. दुसऱ्या दिवशी बातमीत एक ओळ आली: तिच्या भागात एका वाड्यावर हल्ला, एक म्होरक्या ठार, त्याच्याबरोबर असलेले सगळे ठार, सगळे अतिरेकी. त्या वाड्यात पाणी टाकायला टँकर गेला होता एवढं गावावरून कळलं. टँकर जळाला होता. माणसं ओळखू येत नव्हती. तो त्यात होता की नव्हता, कुणालाच ठाऊक नव्हतं.

ती कामावर जात राहिली. परत आली की फोन समोर ठेवून बसायची. तिला एकच गोष्ट जाणून घ्यायची होती: विचारायचं कुणाला? तिनं वकिलातींना फोन केले, मदत करणाऱ्या संस्थांना केले. सगळे अदबीनं बोलायचे आणि फोन ठेवायचे.

मी हे सचिवबाईंना सांगितलं. लगेच त्यांच्यातली मॅनेजर जागी झाली. "अगं, तिला आण ना कार्यक्रमाला! काका एक्स्पर्टच आहेत, ते गाइड करतील. आणि ऑडियन्सला पण एक ह्यूमन अँगल मिळेल." सासऱ्यांना त्या काकाच म्हणतात. दुसऱ्या दिवशी त्यांनी परस्पर तिला मेसेज करून भावाचा फोटो मागवला. तिला वाटलं, या लोकांच्या ओळखी असतील, फोटो दाखवून शोध घेतील. तिनं त्याचा सगळ्यात चांगला फोटो निवडून पाठवला, टँकरच्या दारात उभा, केस ओले करून नीट बसवलेले.

कार्यक्रमाच्या दिवशी ती इस्त्रीचा कोट घालून आली. चर्चचा पॅरिश हॉल खरंच भरला होता. मागे टेबलावर वड्यांचे ट्रे, पुढे समई, समईच्या डोक्यावर आग लागल्यास वाजणारा भोंगा, आणि तो वाजू नये म्हणून हातात पुठ्ठा घेऊन उभा असलेला माझा नवरा. मंडळानं त्याला आजवर दिलेली ही एकमेव जबाबदारी, आणि ती तो मनापासून निभावतो. दीपप्रज्वलन झालं. स्वागतगीत झालं. आणि मग तो भाग आला, ज्याशिवाय आपली एकही सभा पुढे सरकत नाही.

आपल्याकडे कसलाही कार्यक्रम असो, व्याख्यान असो की पाककृती स्पर्धा, मागच्या कार्यक्रमापासून कोण कोण गेलं ते आठवून उभं राहायचं असतं. सचिवबाईंनी कुणाच्या तरी आत्याचं नाव घेतलं, एका ज्येष्ठ सभासदाच्या भावाचं घेतलं, आणि मग पडद्यावर त्याचा फोटो आला. टँकरच्या दारात उभा. फोटोला झेंडूच्या फुलांची चौकट. नावाच्या आधी "कै."

तिनं माझा दंड धरला. तिचा चेहरा उजळला होता. "बघ, माझा भाऊ! तुमच्या लोकांनी त्याला किती मोठा लावलाय!"

सगळे उभे राहिले. तीही राहिली, घाईघाईनं, कोट सारखा करत. सगळ्यांनी माना खाली घातल्या. तिनंही घातली. मग माझ्या कानाशी येऊन तिनं विचारलं, "हे लोक तो सापडावा म्हणून प्रार्थना करताहेत ना?"

मला खोटं बोलता आलं असतं. पण तो फोटो आणि ती झेंडूची फुलं समोर होती, आणि उद्या कुणीतरी तिला सांगितलंच असतं. मी म्हटलं, "नाही. हे मेलेल्यांसाठी असतं."

तिनं एकदा पडद्याकडे पाहिलं, एकदा हॉलकडे. माना खाली घातलेली, बटाटेवड्याचा वास घेत उभी असलेली माझी माणसं. मग ती खाली बसली. "तो मेलेला नाही," ती हळू, पण अगदी स्पष्ट म्हणाली. "मी नाही उभी राहणार."

सगळ्या हॉलमध्ये ती एकटी बसली होती. पुढच्या रांगेतल्या एका बाईनं वळून तिच्याकडे पाहिलं आणि भुवया उंचावल्या, म्हणजे ही कोण असभ्य. मला त्या बाईची इतकी शिसारी आली की मीही बसले.

मला वाटलं ती उठून जाईल. ती गेली नाही. तज्ज्ञ अजून बोलायचा होता.

काका बोलले. भरपूर बोलले. नव्या नेत्याचं कौतुक करताना त्यांचा आवाज चढला होता. युद्ध न करता युद्ध जिंकायचं, हीच खरी मुत्सद्देगिरी. आपण काय, वर्षानुवर्षं निषेधाचे खलिते पाठवत बसलो. आता नेमकं त्या खोलीतल्या त्या खुर्चीवर बसलेल्या माणसाला टिपता येतं, शेजारच्या खुर्चीला ओरखडा येत नाही. हे सांगताना त्यांनी पडद्यावर चित्रफीत लावली. करडा डोंगर, त्यावर पांढरा ठिपका, मग पडदाभर पांढरं. कुणीतरी "वा!" म्हणालं. देवाशपथ, "वा!" म्हणालं, गाण्याच्या बैठकीत मध्यम लागल्यावर म्हणतात तसं.

तिनं हात वर केला. "पुन्हा दाखवा," ती म्हणाली.

काकांना कोण आनंद! श्रोत्यांतून प्रतिसाद आला. त्यांनी पुन्हा दाखवलं. ती पुढे वाकून डोंगराकडे बघत होती, ठिपक्याकडे नाही. मग मागे टेकली. "हे आमच्याकडचं नाही," ती मला म्हणाली.

प्रश्नोत्तरांत तिनं तो एकच प्रश्न विचारला. हल्ल्यात कोण होतं आणि कोण नव्हतं, हे कुणाला विचारायचं असतं? सचिवबाईंनी त्याचं मराठी केलं. काकांनी चष्मा काढला, पुसला, फार मार्मिक प्रश्न आहे म्हणाले, आणि त्यानंतर बराच वेळ धोरणात्मक संदिग्धतेवर बोलले. होही म्हणायचं नाही, नाहीही म्हणायचं नाही, यातच बड्या राष्ट्रांची ताकद असते वगैरे. लोकांनी माना डोलावल्या.

"काय म्हणाले?" तिनं मला विचारलं.

"त्यांना माहीत नाही."

"मग इतका वेळ काय बोलत होते?"

काकांना शाल आणि नारळ देण्यात आला. तिला सचिवबाईंनी निघताना डब्यात मसालेभात भरून दिला.

त्या संध्याकाळी मी सचिवबाईंना फोनवर फाडून खाल्लं. "तो गेलाय हे तुला कुणी सांगितलं?"

"अगं, मिसिंग म्हणजे प्रॅक्टिकली तेच ना. ड्रोनमधून कुणी वाचतं का? काकांनीच सांगितलं ना, प्रिसिजन किती असतं ते."

म्हणजे यांचा यंत्रावर इतका विश्वास, की यंत्रानं मारलं म्हटल्यावर माणसानं जिवंत राहणं हा त्यांना आगाऊपणा वाटत होता. मी म्हटलं, कार्यक्रमाचा जो व्हिडिओ टाकलाय, त्याच्या श्रद्धांजलीसकट, तो आत्ताच्या आत्ता मंडळाच्या पानावरून काढ. काढला, पण कुरकुरत. "आम्ही चांगल्याच भावनेनं केलं होतं गं," हे वर. चांगल्या भावनेनं केलेल्या गोष्टींचा मला तेव्हापासून धसका बसला आहे.

आणि तो जिवंत होता.

पुढच्याच आठवड्यात तिच्या चुलत भावानं कळवलं. टँकरचा नळ सोडून तो मागच्या कोरड्या ओढ्यात आडोशाला उतरला होता. मांडीत लोखंडाचा तुकडा घुसला होता, पण जीव शाबूत. डोंगरातल्या एका घरात त्याला ठेवलं होतं. ती कुंपणावरून वाकून मला हे सांगत होती, रडत होती, हसत होती, मध्येच माझे हात चुंबत होती. मीही रडले. मग ती थांबली.

"आता तुझ्या मैत्रिणीला सांग," ती म्हणाली, "तो व्हिडिओ परत लावायला."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. तिनं समजावून सांगितलं, अगदी लहान मुलाला सांगावं तसं. वाड्यातले सगळे अतिरेकी होते आणि सगळे मेले, असं त्या नेत्यानं जगाला सांगून टाकलं होतं. मग त्यातला जो जिवंत निघेल तो कोण? निसटलेला अतिरेकी. गावात खबर विकणारे आहेत. तो उठून रस्त्यावर आला, त्यानं स्वतःच्या फोनवरून बहिणीला हाक मारली, की घोंघावणारं ते त्याच्यामागे पुन्हा येणार. तो मेलेलाच बरा होता. आणि डब्लिनमध्ये तिच्या देशाची माणसं आहेत, ती इकडचं तिकडे बोलतात. बहीण रडत नाही, असं कुणाच्या तोंडून निघालं तर संपलंच.

मी सचिवबाईंना फोन केला. कारण सांगता येत नव्हतं. नुसतं म्हटलं, लाव परत, तिचीच इच्छा आहे. पलीकडे केवढा विजयी सुस्कारा निघाला. "बघ! मी म्हटलं नव्हतं? ॲक्सेप्टन्सला वेळ लागतो. आणि तू मला काय काय बोललीस त्या दिवशी."

मी माफी मागितली. मागावी लागली.

मग ती जिवंत भावाच्या सुतकाला बसली. आमच्या आळीतली आयरिश माणसं सँडविचचे ट्रे घेऊन आली. दारातच हात हातात घेऊन "सॉरी फॉर युअर ट्रबल" म्हणायची, आत येऊन बसायची, चहा प्यायची, हवापाण्यावर दोन शब्द बोलायची आणि जायची. त्यांना हे जमतं. त्यांच्याबद्दल वाईट लिहायला माझा हात उचलत नाही. तिच्या देशाच्या बायका आल्या, मोठ्यानं रडल्या, आणि तीही त्यांच्या गळ्यात पडून रडली. चहा मी करत होते. ती रडत होती ते खोटं होतं असं मला एकदाही वाटलं नाही.

तो नेता त्याच सुमारास टीव्हीवर येऊन पुन्हा एकदा म्हणाला की आमचा नेम चुकत नाही.

मांडीतली जखम भरेना. चुलत भाऊ फोटो पाठवायचा आणि ती ते मला दाखवायची. जखमांच्या पट्ट्यांवर पोट भरणारी बाई मी, प्रशिक्षणात असल्या जखमांचे फोटो पाहिलेली, मला दुसऱ्या फोटोतच कळलं. कडा काळ्या पडत होत्या आणि लाली वर सरकत होती. मी म्हटलं, याला आजच्या आज हॉस्पिटलमध्ये न्यायला हवं, तो तुकडा काढायला हवा, शिरेतून औषध द्यायला हवं. ती म्हणाली, "हॉस्पिटलात नाव विचारतात." आमच्या कारखान्यात अशाच जखमांच्या पट्ट्यांचे ढीग लागतात आणि कडेची शिवण जरा तिरकी असली तरी मी त्या बाद करते. मेलेल्या माणसाला त्यातली एकही पाठवता येत नव्हती. गरम पाणी, मीठ, स्वच्छ फडकं, गावात मिळतील त्या गोळ्या. मी एवढंच सांगू शकले आणि तिनं ते एवढंच तिकडे कळवलं.

तो गेला तेव्हा आमच्याकडे दिवाळीचा फराळ होता. घर माणसांनी भरलेलं. ती मागच्या दारानं आली. मला बाहेर बोलावलं आणि एका वाक्यात सांगितलं. मग म्हणाली, "मी कुणाला सांगू? सगळे येऊन गेले."

मी तिला घट्ट धरलं. तिनं थोड्या वेळानं स्वतःच मला बाजूला केलं, तोंडावर पाणी मारलं आणि म्हणाली की घरी एकटीनं बसवत नाही, मी आत येऊ का? मी तिला आत आणलं. तिला चकलीची बशी दिली. ती खिडकीपाशी उभी राहिली आणि माझ्या मुलीनं काहीतरी सांगितलं त्यावर हसलीसुद्धा, कारण तिथे हसायला हवं होतं.

सचिवबाई माझ्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या. हातात करंजी. त्यांनी तिला नीट न्याहाळलं आणि समाधानानं माझ्या कानाशी म्हणाल्या, "सावरली गं. बरं झालं आपण त्या दिवशी श्रद्धांजली वाहिली. कुणीतरी क्लोजर द्यायला हवं होतं."

खोलीत तिच्या देशाच्या दोन बायका होत्या. डोंगरातल्या त्या घरातली माणसं, ज्यांनी त्याला लपवलं होतं, अजून तिथेच राहत होती. सचिवबाई उत्तराची वाट बघत होत्या.

"हो," मी म्हटलं. "सावरली."